माकडाच्या छातीचा एक्स-रे वाचायचा कसा?

प्रतिनिधी, तिसगाव (ता. पाथर्डी)

नगर-पाथर्डी रस्त्यावरचे तिसगाव हे तसे बाजाराचे गाव. गर्भगिरीच्या कुशीतल्या वृद्धेश्वराला आणि मढीच्या कानिफनाथांना जाणारे भाविक या गावावरून पुढे जातात. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची यात्रा भरते. गाढवांच्या बाजारामुळे ती राज्यभर ठाऊक आहे आणि भटक्या जमातींचे लोक मोठ्या संख्येने येत असल्याने तिला ‘भटक्यांची पंढरी’ असेही म्हटले जाते. ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात या पट्ट्यात गेले, त्यांना डमरूच्या आवाजामागून येणारा मदारी, त्याच्या खांद्यावरचे झबले घातलेले माकड आणि ‘सासरी जातेस का?’ या प्रश्नावर त्या माकडिणीने फिरवलेली मान आठवत असेल. प्रस्तुत प्रतिनिधीलाही ती आठवते. मदाऱ्याला खोकला होता, हेही आठवते. माकड खोकत होते की नाही, ते मात्र आठवत नाही. ते पाहायचे असते, हे तेव्हा ठाऊक कोणाला होते?

माकडांचे खेळ आता कायद्याने बंद आहेत. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्र सरकारने ऑक्टोबर १९९८ मध्ये अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यास आणि त्यांचे प्रदर्शन करण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती उचलून धरली. या बंदीने मदाऱ्याची रोजी गेली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे प्रश्न माकडाचा आहे. मदाऱ्याकडून सोडवलेले, घरात साखळीला बांधलेले किंवा विजेच्या तारेला चिकटून जखमी झालेले माकड बचाव केंद्रात आणले जाते, तेव्हा त्याला इतरांत मिसळू देण्यापूर्वी काही काळ वेगळे ठेवतात आणि पशुवैद्यकापुढे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. वर्षानुवर्षे माणसाच्या झोपडीत, माणसाच्या ताटातले खाऊन, माणसाच्या श्वासात वाढलेल्या या जनावराच्या छातीत माणसाचा क्षय तर उतरलेला नाही ना?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना छातीचा एक्स-रे काढला जातो. वाचकांना वाटेल, एक्स-रे काढला की झाले, डाग दिसला तर रोग, नाही दिसला तर माकड ठणठणीत. प्रत्यक्षात खरी अडचण तेथूनच सुरू होते. निरोगी माकडाची छाती एक्स-रेमध्ये कशी दिसते, हे ज्याने नीट पाहिलेले नाही, त्याला रोगट छाती ओळखता येत नाही. माणसाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून माकडाची फिल्म वाचली तर निरोगी प्राणी रोगी ठरतो. कुत्र्याचे चित्र ठेवून वाचली तरी तेच होते. आणि ही चूक कागदावरची राहत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत माकडाला क्षय असल्याचे निदान म्हणजे बहुधा त्याला दयामरण, असा रिवाज आहे. उलट बाजूने चूक झाली आणि क्षयी माकड निरोगी समजून कळपात सोडले गेले, तर काही महिन्यांत पिंजऱ्यामागून पिंजरा रिकामा होऊ शकतो.

पुण्यात जमवलेली यंत्रे

माकडाच्या छातीच्या तपासणीला महाराष्ट्रात अलीकडे सर्वांत मोठे महत्त्व आले ते करोनाच्या साथीत. २०२० साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने कोव्हॅक्सिन या लशीची चाचणी २० ऱ्हीसस माकडांवर केली. पाच-पाच माकडांचे चार गट होते. एका गटाला लशीचा केवळ आभास देणारी टोचणी दिली होती आणि बाकी तीन गटांना लशीचे वेगवेगळे प्रकार. परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी ‘गोइंग व्हायरल’ या २०२१ मधील पुस्तकात या खटाटोपाची हकिकत सांगितली आहे. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारे खाणे बंद झाल्याने माकडे रानात आत निघून गेली होती. वन खात्याच्या मदतीने मोठा परिसर धुंडाळल्यावर अखेर ती नागपूरजवळ सापडली. पुण्याच्या प्रयोगशाळेत माकडांसाठी योग्य पिंजरे, श्वासनलिकेत उतरवण्याची दुर्बीण आणि एक्स-रे यंत्र यांचीही जुळवाजुळव करावी लागली.

या प्रयोगाचा निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषाणूचा सामना करायला लावल्यानंतर लस न मिळालेल्या गटाच्या फुप्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या, लस मिळालेल्या गटांत त्या सापडल्या नाहीत. अखेरचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींचा होता. परंतु जिवंत माकडाच्या छातीत दिवसागणिक काय बदलते आहे, हे पाहायचे तर क्ष-किरणांसारखे साधन लागते, आणि बदल ओळखायचा तर आधीची, निरोगी अवस्थेतली फिल्म हाताशी लागते.

ऱ्हीसस हे उत्तर भारतातले माकड. आपल्या राज्यात ढोबळमानाने गोदावरीच्या दक्षिणेला आढळते ते बॉनेट मकाक. त्याच्या डोक्यावरचे केस मधून फुटून टोपीसारखे दिसतात आणि शेपटी धडापेक्षा लांब असते. या जातीची मादी साधारण तीन ते चार किलोंची, नर त्याच्या दुप्पट वजनापर्यंत जाणारा. तिसगावच्या पंचक्रोशीत ज्याला नुसते ‘माकड’ म्हणतात ते हेच. काळ्या तोंडाचे, लांब हातापायांचे ते वानर निराळे. ऱ्हीसस आणि बॉनेट ही मकाक कुळातली भावंडे असल्याने दोघांच्या छातीची ठेवण बरीचशी सारखी असते. पुढचे वर्णन मुख्यतः मकाक कुळाचे आहे.

अर्धे माणसासारखे, अर्धे कुत्र्यासारखे

एक्स-रेची फिल्म म्हणजे सावल्यांचा खेळ. हवेतून किरण सहज पार होतात म्हणून हवा काळी दिसते. हाड किरणांना अडवते म्हणून ते पांढरे. या दोहोंच्या मधल्या करड्या छटांत आधी चरबी आणि मग रक्त, स्नायू व पाणी बसतात. हृदयाचा स्नायू आणि त्याच्या आतले रक्त यांची छटा एकच, म्हणून एक्स-रेमध्ये हृदयाची बाह्यरेषा दिसते, आतले कप्पे दिसत नाहीत. फुप्फुस हवेने भरलेले असल्यामुळेच हृदयाची कड उठून दिसते. शेजारच्या फुप्फुसात पू किंवा पाणी भरले की दोन्हींची छटा एक होते आणि ती कड पुसली जाते. पशुवैद्यक सर्वप्रथम या कडा शोधतो. कड कोठे हरवली, यावरून फुप्फुसाचा कोणता भाग आजारी आहे, हे कळते.

माकडाला पाठीवर झोपवून समोरून काढलेला एक्स-रे पाहिला तर पहिल्या नजरेत तो एखाद्या लहान मुलाचाच वाटतो. त्याचे मोठे कारण गळ्याची हाडे. कुत्र्यामांजरांत हे हाड नावापुरते उरलेले असते. फांदीला लोंबकळणाऱ्या माकडात मात्र ते माणसासारखे ठसठशीत असते आणि फिल्मवर छातीच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसते. बरगड्यांच्या जोड्याही मकाकात माणसाइतक्याच, म्हणजे १२. हृदयाचे टोक डावीकडे झुकलेले. महाधमनीची कमानही डावीकडेच.

तेच माकड कुशीवर वळवून बाजूने एक्स-रे काढला की माणसाशी असलेले साम्य संपते. माणसाची छाती रुंद आणि पुढून मागे चपटी असते. चार पायांवर चालणाऱ्या मकाकाची छाती दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी अरुंद आणि छातीच्या हाडापासून कण्यापर्यंत खोल असते. छातीचे हाड माणसात एकसंध झालेले असते, माकडात ते कुत्र्याप्रमाणे सुट्या तुकड्यांची माळ होऊन दिसते. नवख्या डोळ्याला त्या तुकड्यांमधल्या फटी म्हणजे मोडलेले हाड वाटण्याची शक्यता असते. कोवळ्या वयाच्या माकडात हाडांच्या टोकांशी वाढीच्या काळ्या पट्ट्या असतात, त्याही अशाच फसवतात.

फुप्फुसाच्या खंडांतही फरक आहे. माणसाच्या उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, मकाकाच्या उजव्या फुप्फुसाला चौथा एक छोटा खंड असतो आणि तो हृदय व श्वासपटल यांच्या मधल्या जागेत शिरलेला असतो. माणसाच्या फिल्मवर मन बसलेल्या डॉक्टरला या जागेतला रोग दिसला तरी त्याचा पत्ता सांगता येत नाही. शेजारी खुद्द हृदय असल्याने समोरच्या चित्रात हा खंड झाकला जातो. म्हणून बाजूचे चित्र हवेच. अनुभवी पशुवैद्यक एका बाजूवर थांबत नाहीत. डाव्या कुशीवर एक, उजव्या कुशीवर एक आणि समोरून एक अशी तीन चित्रे काढतात, कारण ज्या कुशीवर प्राणी झोपतो त्या बाजूचे फुप्फुस दबते आणि त्यातला डाग दिसेनासा होतो.

हृदयाचा आकार हा आणखी एक वादाचा मुद्दा. प्रौढ माणसाच्या छातीच्या समोरून काढलेल्या फिल्मवर हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक भरली तर डॉक्टर हृदय वाढल्याची शंका घेतात. हा नियम मकाकाला जसाच्या तसा लावता येत नाही. त्याची छाती मुळातच अरुंद, त्यामुळे निरोगी प्राण्यातही हृदय निम्म्याच्या आसपास किंवा थोडे अधिकही भरते. गावातल्या माणसांच्या एक्स-रे केंद्रात माकडाची फिल्म काढून आणली आणि ती कोणी माणसाच्या मापाने वाचली, तर धडधाकट माकडाच्या नावावर हृदयविकार चढतो. हे टाळण्यासाठी पशुवैद्यक निराळे माप वापरतात. १९९५ मध्ये बुकॅनन आणि ब्युशेलर यांनी कुत्र्यांसाठी हृदयाची लांबी व रुंदी त्याच प्राण्याच्या कण्याच्या मणक्यांवर मोजण्याची पद्धत मांडली. निरोगी कुत्र्यात हे माप सरासरी ९.७ मणके भरते. प्राणी लहान असो वा मोठा, माप त्याच्याच मणक्यांचे असल्याने तुलना खरी होते. ही युक्ती पुढे माकडांवरही वापरली गेली. पण प्रत्येक जातीचा आकडा वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवावा लागतो. कुत्र्याचा आकडा माकडाला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवण्यासारखे.

रोग नसलेले डाग

माकडाची फिल्म वाचताना रोग नसताना रोगाचा आभास देणाऱ्या गोष्टी इतक्या आहेत की, त्या ओळखण्यातच पशुवैद्यकाचे निम्मे कौशल्य खर्ची पडते.

पहिली गोष्ट श्वासाची. माणसाला ‘श्वास घ्या, रोखून धरा’ असे सांगता येते. माकडाला ते सांगता येत नाही. त्याला भुलीचे इंजेक्शन, बहुधा केटामाइन, देऊन निपचित करावे लागते. ते किती वेळ आणि कोणत्या कुशीवर पडून आहे, यावर फिल्म अवलंबून असते. बराच वेळ एका अंगावर पडलेल्या प्राण्याच्या खालच्या फुप्फुसातली हवा ओसरते आणि ते करडे, भरल्यासारखे दिसू लागते. श्वास सोडलेल्या क्षणी बटण दाबले गेले तर दोन्ही फुप्फुसे आखडलेली, धुरकट दिसतात आणि हृदय मोठे भासते. न्यूमोनियाचे निदान करण्यापूर्वी जाणता पशुवैद्यक श्वासपटल कोठे आहे ते पाहतो. ते वर सरकलेले असेल तर दोष फुप्फुसाचा नसून क्षणाचा असू शकतो आणि पुन्हा एकदा, भरल्या श्वासावर, चित्र घ्यावे लागते. हातही पुढे ओढून धरावे लागतात, नाहीतर खांद्याचे स्नायू फुप्फुसाच्या वरच्या टोकावर सावली टाकतात. हे ओढून धरणे वाळूच्या पिशव्यांनी किंवा चिकटपट्टीने करायचे, माणसाच्या हाताने नव्हे. प्राण्याला धरून उभा राहणारा मदतनीस किरणांच्या वाटेत येऊ नये, हा साधा दंडक आहे आणि तो मोडलेला पाहायला मिळतो, हेही खरे.

दुसरी गोष्ट चरबीची. बिस्किटे, केळी आणि प्रसादाचे पेढे खाऊन वाढलेल्या बंदिस्त माकडांत दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत चरबी साठते. फिल्मवर ती जागा रुंदावलेली दिसते आणि हृदयाची बाह्यरेषा फुगलेली वाटते. याच जागेत, कोवळ्या पिलांत, थायमस नावाची ग्रंथी असते. ती वयाबरोबर आक्रसते, पण पिलाच्या फिल्मवर गाठीसारखी भासू शकते. माकडाचे वय ठाऊक नसेल, आणि सोडवून आणलेल्या माकडाचे ते सहसा ठाऊक नसतेच, तर दात पाहून अंदाज बांधल्याखेरीज या सावलीचा अर्थ लावता येत नाही.

तिसरी गोष्ट गळ्याची. मकाकाच्या गालात पिशव्या असतात. घाईघाईने तोंडात कोंबलेले शेंगदाणे भूल चढेपर्यंत तेथेच राहतात आणि जबड्याखाली चमत्कारिक ठिपके उमटवतात. स्वरयंत्रापाशी हवेची एक पिशवीही असते. फिल्मवर ती गळ्यात काळ्या फुग्यासारखी दिसते. ती नैसर्गिक आहे. तिच्यात पू झाला तर तो आजार, पण नुसती हवा असणे हा दोष नाही. ओले केस, अंगावर वाळलेला चिखल, गळ्यातल्या साखळीची कडी यांच्याही सावल्या पडतात. फिल्मवरचा डाग पाहून घाबरण्याआधी माकडाच्या अंगावरून एकदा हात फिरवावा, हा उपाय बिनखर्चाचा आहे.

आणि चौथी गोष्ट सर्वांत कठीण. रानातून पकडलेल्या ऱ्हीसस माकडांच्या फुप्फुसांत ‘न्यूमोनिसस सिमिकोला’ नावाची एक सूक्ष्म कोळीवर्गीय कीड राहते. ती इतकी सर्रास आढळते की, रानातल्या ऱ्हीसस माकडात ती नसेल तर नवल मानावे. बहुतेक माकडे तिच्यासह धडधाकट जगतात. मात्र ती जेथे बस्तान मांडते तेथे काही मिलिमीटरच्या गाठी होतात आणि फिल्मवर बारीक गोल ठिपके किंवा कडी उमटतात. क्षयाच्या गाठीही काहीशा अशाच दिसतात. भारतातून एकेकाळी दरवर्षी हजारो ऱ्हीसस माकडे पाश्चात्त्य प्रयोगशाळांकडे जात असत. १९७८ मध्ये भारताने ही निर्यात थांबवली. त्या माकडांची फुप्फुसे तपासणाऱ्यांपुढे हाच पेच होता. हा ठिपका किडीचा की क्षयाचा? एकट्या एक्स-रेने त्याचे खात्रीचे उत्तर मिळत नाही. अशा माकडाच्या बाबतीत ‘नॉर्मल’ आणि ‘निरोगी’ हे दोन शब्द समानार्थी उरत नाहीत. ठिपके असलेली फिल्म ही त्याच्यापुरती नेहमीची फिल्म असू शकते.

तळहातावर मावणारी माकडे

आतापर्यंतचे वर्णन तीन-चार किलो आणि त्याहून मोठ्या माकडांचे झाले. शहरी वाचकाच्या ओळखीची होऊ लागलेली दुसरी माकडे याहून कितीतरी लहान आहेत. ब्राझीलमधले मार्मोसेट तळहातावर मावते, वजन ३०० ते ४०० ग्रॅम. अशा विदेशी प्राण्यांना पाळण्याचा शौक आपल्या महानगरांतही पोहोचला. केंद्राने २०२० मध्ये विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची मुभा दिली. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या जिवंत प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. यच्चयावत माकडे त्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. त्यामुळे मार्मोसेट आजारी पडले की मालक दवाखान्यात यायला कचरतो, आणि आलाच तर पशुवैद्यकाने यापूर्वी असे छातीचे चित्र पाहिलेले असेलच असे नाही.

या चिमुकल्या प्राण्याच्या निरोगी छातीचे आणि पोटाचे चित्र कसे असते, याचा पद्धतशीर अभ्यास दक्षिण आफ्रिकेतील वाग्नर आणि किर्बर्गर या पशुवैद्यकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. अशा अभ्यासाचे मोल बाहेरच्याला चटकन जाणवत नाही. त्यात नवा रोग नाही, नवे औषध नाही. निरोगी प्राण्यांच्या फिल्मा काढायच्या, मोजायच्या आणि लिहून ठेवायच्या, एवढेच काम. पण हजार मैलांवरच्या एखाद्या दवाखान्यात दमेकऱ्यासारखे धापा टाकणारे मार्मोसेट टेबलावर आले की पशुवैद्यकाला हाच कागद लागतो.

मार्मोसेटची फिल्म काढणे हीच कसरत असते. त्याचे हृदय मिनिटाला दोनशेहून अधिक वेळा धडधडते, श्वासही तितक्याच घाईचा. किरणांचा झोत सेकंदाच्या अगदी लहान अंशात संपला नाही तर कडा फरकटतात आणि फुप्फुस धुरकट दिसते. छाती एवढीशी की, नेहमीच्या यंत्रावरचा बारीकसारीक तपशील हातचा जातो. म्हणून अशा प्राण्यांसाठी अधिक सूक्ष्म तपशील टिपणारी फिल्म किंवा संवेदक वापरावा लागतो. छातीच्या मणक्यांची संख्याही सर्वांत सारखी नसते. काहींत १२, काहींत १३. मणके मोजून हृदयाचे माप घेणाऱ्याने आधी मणकेच मोजलेले बरे.

आणि मार्मोसेटच्या छातीच्या एक्स-रेत पहिली नजर फुप्फुसावर नव्हे, बरगड्यांवर टाकावी, असे सुचवावेसे वाटते. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना ‘ड’ जीवनसत्त्वाचा ‘ड ३’ हा प्रकार लागतो, वनस्पतींतून मिळणाऱ्या ‘ड २’वर त्यांचे भागत नाही. फ्लॅटच्या चार भिंतींत, उन्हाविना, फळे आणि पावावर वाढलेल्या मार्मोसेटची हाडे हळूहळू विरतात. निरोगी फिल्मवर बरगड्या खडूच्या रेघांसारख्या उठून दिसायला हव्यात. त्या आजूबाजूच्या मांसात मिसळल्यासारख्या फिकट दिसल्या, कोठे वाकलेल्या किंवा मोडून पुन्हा जुळलेल्या दिसल्या, तर मालकाने खोकल्यासाठी आणलेला प्राणी उपासमारीचा रुग्ण आहे, हे पशुवैद्यकाला समजते. पोट भरलेले असूनही झालेली ही उपासमार असते.

पापणीवरची टोचणी

आता पुन्हा क्षयाकडे वळू. रानातल्या माकडात क्षय क्वचित आढळतो. तो येतो माणसाकडून, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. म्हणजे माणसाच्या सहवासात राहणाऱ्या माकडाला धोका कोठे असेल, हे वेगळे सांगायला नको. मकाकात हा रोग माणसापेक्षा वेगाने पसरतो. माणसाच्या जुन्या क्षयात फिल्मवर चुन्यासारखे पांढरे डाग दिसतात, मकाकात ते सहसा दिसत नाहीत. फुप्फुसांच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथी वाढतात, पुढे फुप्फुसात गाठी होतात. पण फिल्मवर ठळक काही दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो, आणि माकड हे असे जनावर की, अशक्तपणा लपवण्यात तरबेज. कळपात दुबळे दिसणे त्याला परवडत नाही. सकाळपर्यंत उड्या मारणारे माकड संध्याकाळी मरून पडले, असे घडते ते यामुळे.

म्हणून जगभर पहिली चाचणी म्हणून एक्स-रे धरला जात नाही. पहिली चाचणी पापणीवरची. वरच्या पापणीच्या त्वचेत ट्युबरक्युलिनचा बारीकसा थेंब टोचतात आणि २४, ४८ व ७२ तासांनी पापणी सुजली का, हे पिंजऱ्याबाहेरूनच पाहतात. पापणी निवडण्यामागे शहाणपण आहे. सूज पाहण्यासाठी माकडाला पुन्हा पकडावे लागत नाही, पुन्हा भूल द्यावी लागत नाही. मात्र ही चाचणीही चुकते. अतिशय खंगलेल्या प्राण्यात शरीर प्रतिसादच देत नाही आणि पापणी सपाट राहते. म्हणून ती काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करतात, रक्ताच्या चाचण्या आणि घशातील स्रावाची तपासणी जोडीला घेतात. एक्स-रे या सर्वांच्या रांगेत उभा असतो. पापणी सुजली आणि फिल्म स्वच्छ दिसली तरी माकड सुटत नाही. फिल्मवर ठिपके दिसले आणि पापणी शांत राहिली तर किडीचा विचार करून तिच्यावरचे औषध देऊन काही आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढता येते. दोन फिल्मांमधला फरक बोलका असतो, एकटी फिल्म सहसा नसते.

यात माणसाचाही वाटा आहे. माकडाला क्षय निघाला तर त्याला सांभाळणाऱ्याची, पिंजरा झाडणाऱ्याची आणि मदाऱ्याच्या कुटुंबाची तपासणी व्हायला हवी, कारण रोग बहुधा त्यांच्यापैकीच कोणाकडून आलेला असतो आणि परत त्यांच्याकडे जाऊही शकतो. माकड जप्त करून नेणारी गाडी निघून जाते. मागे पालावर राहिलेल्या खोकणाऱ्या माणसाला तालुक्याच्या रुग्णालयात पाठवायचे कोणी, याची विचारणा जप्तीच्या कागदावर नसते.

तिसगावसारख्या गावात एखादे जखमी माकड सापडले तर ग्रामस्थांनी वन खात्याला कळवावे, हे ठीकच. उचलताना तोंडाला रुमाल आणि हातात जाड पिशवी असावी. माकड चावले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरून थेट दवाखाना गाठावा. पशुवैद्यकीय दवाखान्यात एक्स-रेची सोय नसेल तर माणसांच्या केंद्रात चित्र काढता येते. पुष्कळदा तसेच केले जाते. फिल्मवर जात, अंदाजे वय, वजन, कोणत्या कुशीवर झोपवले होते आणि भूल कोणती दिली, एवढे पाच शब्द लिहून ठेवले तर ती फिल्म नागपूरच्या किंवा मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञालाही मोबाइलवरून वाचता येते. माकड पुढे बरे होऊन गेले तरी ती फिल्म फेकू नये. पुढच्या वर्षी त्याच डोंगरावरून दुसरे माकड येईल, तेव्हा शेजारी धरायला निरोगी छातीचे एक चित्र हाताशी असेल.